सोनं उतरणार म्हणणारे तात्या

बुधवारातल्या आमच्या आळीत तात्यांना न विचारता कोणी सोनं घेतलेलं त्यांना खपत नसे. आणि विचारून घेणं शक्यच नव्हतं, कारण त्यांचं उत्तर एकच: "थांबा. उतरणार आहे."

तात्या आमचे शेजारी. सरकारी कचेरीत जन्म काढून घरी बसलेले. सकाळची संध्या आटोपली की पागोटं चढवून सराफाच्या ओट्यावर जायचं, भाव विचारायचा, मान हलवायची आणि येणारं गिऱ्हाईक परतवायचं. सराफ एकदा हात जोडून म्हणाला, "तात्या, समोरच्या दुकानापुढे ऊन छान येतं. तिथं बसत जा की." तात्या खरंच तिथं बसू लागले. आठ दिवसांत समोरच्यानं त्यांना परत पाठवलं.

बारशाला गेले तरी बाळाआधी बाळाच्या साखळीकडे बघत. "आत्ता घेतलीत? अरेरे!" एका बाळंतिणीनं ऐकवलं, "मग तात्या, मूलही पुढच्या साली व्हायला हवं होतं का?" तात्या म्हणाले, "मुलाचं राहू दे. साखळी थांबली असती."

मी बांगड्या भरते. कोणाच्या हातात काय आहे ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तात्यांच्या बायकोच्या हातात जन्मभर माझी काच होती. पाटल्या भाव उतरला की येणार होत्या. ती गेली तेव्हा तिच्या तोंडात घालायला सोन्याचा कण माझ्या घरून न्यावा लागला. मी दिला आणि विचारलंही, "काय तात्या, उतरलं का?" ते कण घेऊन आत गेले. चौदाव्या दिवशी पुन्हा ओट्यावर.

मुलीच्या, यमूच्या, लग्नातही तेच. "पाटल्या देईन. जरा थांबा." जावई भला, नुसता हसला. पुढे तो लष्कराबरोबर उत्तरेत गेला आणि यमू माहेरी राहायला आली.

त्या हिवाळ्यात पत्रं बंद झाली. मग एकेका घरी सांगावा येऊ लागला. दिवाळीला मी ज्या हातांत हिरवी काकणं भरली होती, त्यातले कितीतरी हात मोकळे झाले. मला बांगड्या भरायची बोलावणी कमी झाली. सराफाकडे मात्र गर्दी. त्या घरांतले सोन्याचे डाग मोडीत येऊ लागले, पाटल्या, नथी, सगळंच. आणि सोनं उतरलं.

ओट्यावर कोणीतरी तात्यांना म्हणालं, "जिंकलात की हो तात्या! बोलला होतात तस्सं झालं." तात्या उठले आणि सरळ घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. "यमूचं माप तुम्हाला ठाऊक आहे. चला सराफाकडे."

मला वाटलं, डोकं फिरलं. तरी गेले.

सराफानं पाटल्यांची जोडी काढली. "मोडीतली आहे, पण नव्यासारखी. स्वस्तात पडेल."

"ती नको. कोरी दाखवा."

कवडीकवडीसाठी घासाघीस करणारा हा माणूस! सराफालाही राहवलं नाही. "तात्या, इतकी वर्षं थांबलात, आणखी चार दिवस थांबा. अजून उतरणार आहे."

"माहीत आहे," तात्या म्हणाले. "म्हणूनच आज द्या."

सराफानं कोऱ्या जोड्या पुढे मांडल्या. मी माप सांगितलं. तात्यांनी त्याहून एक माप लहान जोडी उचलली.

"अहो, चढायच्या नाहीत त्या," मी म्हटलं.

"तुम्ही चढवाल."

घरी पाटल्या बघून यमूचा चेहरा एकदम उजळला. "तात्या, ह्यांचं पत्र आलं?"

"नाही. काहीच आलेलं नाही. हात पुढे कर."

मी रिठ्याचा फेस केला. हाडं दाबून दाबून पहिली पाटली चढवली. यमूच्या डोळ्यांत पाणी आलं, मनगटावर लाल वळ उठला. मला जे दिसत होतं ते मी बोलून टाकलं. "तात्या, फार घट्ट आहेत हो. उद्या काढायच्या झाल्या तर निघायच्या नाहीत."

तात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"नकोच निघायला," ते म्हणाले.

मी आणखी फेस घेतला आणि यमूचा दुसरा हात ओढला.