सात दिवसांची सायकल आणि सिंधू मंजन

“लोक मंजन पाहून मंजन घेत नाहीत, माणूस पाहून घेतात!” शालिग्रामनं चहाच्या हॉटेलात छाती ठोकून सांगितलं. “आठ दिवस थांबा. अख्खं डोणगाव सिंधू मंजनानं दात घासते का नाही, पाहा!”

सिंधू त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. गोवरीची राख, मीठ, लवंग असं मंजन ती घरी करायची, आणि तिचे दात शेवटपर्यंत मक्याच्या दाण्यांसारखे होते. तिच्या नावाचा डबा एखाद्या दुकानात मांडलेला बघायचा, एवढंच शालिग्रामला हवं होतं. मेहकरचे व्यापारी उत्तमराव म्हणाले होते, “लोक वापरतात हे डोळ्यांनी पाहीन, मंगच दुकानात ठेवीन. पुढच्या सोमवारी येतो.”

त्याच आठवड्यात गुलाबराव सायकलवाला आला. सात दिवस, सात रात्री, जमिनीला पाय न लावता बाजाराच्या मैदानात गोल फिरणार! गडी सायकलवरच जेवायचा, सायकलवरच दाढी करायचा, हात सोडून सदरा बदलायचा, आणि हे सगळं हसत हसत! बायापोरं त्याच्यावर जीव टाकत. जवळच्या बीबी गावात गेल्या साली एकजण असाच नऊ दिवस फिरला होता. पण तोंड असं, जणू एरंडेल प्यालाय! चौथ्या दिवशी बघायला त्याचा सासरा तेवढा उरला.

शालिग्रामनं गुलाबरावच्या पाठीवर ‘सिंधू मंजन’ अशी पाटी बांधली, हँडलला पुड्यांची पिशवी अडकवली.

“भाऊ, तुम्ही फकस्त दात दाखवा अन् पुड्या वाटा.”

“हाव काका! दात तर माह्ये फुकटातच बाहेर असतात!”

दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी गुलाबरावचं हसू आटलं. डोळे लाल, मान ताठ, ओठ शिवल्यासारखे. पाय मात्र फिरतच होते! पण पायांकडे कोण बघतो?

“हा काऊन रुसला बे?” म्हणत लोक पांगू लागले.

शालिग्राम घाबरला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “रुसले नाहीत, मौन धरलंय त्यांनी!”

झालं! पुष्पाबाईनं पदर डोक्यावर ओढला. “वं माय! जमिनीले पाय नाही, तोंडात शब्द नाही. हा साधा माणूस नाही वं!”

संध्याकाळी पहिला नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी पाटी हारांखाली बुडाली. अर्धवट झोपेत गुलाबराव पुड्या पुढे करत होता, आणि आतली राखाडी भुकटी बाया भक्तिभावानं कपाळाला लावत होत्या. शालिग्राम सायकलीमागे धावू लागला.

“अहो बाई, तो अंगारा नाही! मंजन हाये! दाताले लावा!”

गीताबाई कडाडली, “महाराजांचा अंगारा उष्ट्या तोंडात घालू? लाज वाटते का तुले?”

दोन बाप्ये बाह्या सरसावून उठले. शालिग्रामनं मुकाट्यानं चिमूटभर मंजन स्वतःच्याही कपाळाला लावलं.

सोमवारी गुलाबरावनं खरोखरच सात दिवस पुरे केले. त्या पठ्ठ्याला तोड नाही! उतरला आणि उतरल्या जागीच आडवा होऊन घोरू लागला. लोकांनी समाधी समजून हात जोडले. तेवढ्यात उत्तमराव आले. गावभर राखाडी कपाळं!

“माणूस मोठा आहे, शालिग्राम! पण तुमचं मंजन कोण वापरते?”

“सगळे, मालक!” शालिग्राम त्यांच्या कानाशी लागला. “हे कपाळावर दिसते ना, तेच सिंधू मंजन.”

“मंजन होतं तेव्हा होतं. आता ते महाराजांच्या हातातून आलं! अंगारा विकायले ठेवू मी? पिढ्या नरकात जातील माझ्या!” मग उत्तमरावांनी आवाज खाली आणला. “चिमूटभर मले द्या मात्र. चार दिवसांपासून दाढ ठणकून राह्यली.”

शालिग्रामचे डोळे चमकले. त्यानं शेवटची पुडी काढली. “घ्या मालक! दाढेवर चोळा. लवंग आहे त्यात. आमच्या सिंधूची दाढ जन्मात दुखली नाही!”

उत्तमरावांनी, माणूस खुळावलाय अशा नजरेनं, त्याच्याकडे पाहिलं.

“अंगारा कोणी तोंडात घालते काय?”

आणि सगळी पुडी गालाला बाहेरून थापून ते मेहकरच्या बसकडे निघाले.