कोपऱ्यातली चंद्रकोर

"अहो, फिरवताय ना? मग फिरत का नाही?"

फोटोवाल्यांनी बायकोला उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला तोंड मोकळं लागतं, आणि त्यांनी खालचा ओठ दातांत घट्ट धरला होता. कॅमेरा दोन गुडघ्यांत, लेन्स दोन्ही मुठींत, चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा. लेन्स मात्र जिथल्या तिथे. हलता हलेना, फिरता फिरेना, माहेरी आलेल्या लेकीसारखी जागा सोडायला तयार होईना.

बंद दाराबाहेरच्या बाकावर तीन मित्र ताटकळत बसले होते. दातांचे डॉक्टर, घड्याळं दुरुस्त करणारे काका आणि कपडे शिवणारे मास्तर. तिघांकडे एकाच कंपनीची, एकाच नावाची जुनी वाइड अँगल लेन्स होती. अख्खी खोली एका फोटोत मावेल अशी. कंपनीने सुधारत सुधारत तिच्या तीन आवृत्त्या काढल्या. पहिली आवृत्ती मास्तरांकडे, दुसरी काकांकडे, तिसरी डॉक्टरांकडे. यातली सरस कोणती, या वादात फोटोवाल्यांच्या घरचे कितीतरी चहा गार झाले होते.

गेल्या रविवारी तर कहरच झाला.

"तुमच्या पहिलीतून काढलेला माणूस न्हाणीघरातून आल्यासारखा दिसतो, मास्तर," डॉक्टर म्हणाले. "सगळीकडे वाफच वाफ."

"त्याला मऊपणा म्हणतात, डॉक्टर. तुमच्या तिसरीतून दाढीचा एकेक खुंट मोजून घ्यावा. माणसाचा फोटो काढायचा की पंचनामा करायचा?"

"मी काही बोलत नाही," काका म्हणाले. "पण मधली."

"मास्तर, थोरल्या भावाची आठवण आहे ना? मग कपाटात ठेवा की," डॉक्टर हसत म्हणाले. "फोटो कशाला काढता तिने?"

हे लागलं. ती लेन्स मास्तरांच्या दादाची होती. दादा गेल्यापासून मास्तर ती रोज पुसत, शर्टाच्या आतल्या मऊ कापडाने, लहान मुलाचं नाक पुसावं तशी. ते ताडकन उठले. "होऊनच जाऊ दे परीक्षा! माझी शेवटची आली तर विकून टाकीन, आणि जन्मात पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढणार नाही!"

बोलून गेले, आणि मग त्यांनीच लेन्स मुठीत घट्ट धरली. पण मास्तर शब्दाचे पक्के. कापड एकदा कापलं की कापलं.

परीक्षेला पंच हवा, म्हणून फोटोवाले. कॅमेराही त्रयस्थाचा हवा, म्हणून फोटोवाल्यांच्या सासऱ्यांचा जुना रेंजफाइंडर. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं. शेजारी एक इवलीशी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. त्यामुळे लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी माणसाला सगळं जग छान दिसत राहतं. डॉक्टरांनी अशाच झाकणातून एक अख्खी डोंगराची सहल टिपून आणली होती. फिल्म धुतल्यावर फोटोवाले पोट धरधरून हसले होते. "आम्हा धंद्यातल्या लोकांकडून असलं काही होत नसतं हं, डॉक्टर! आणि लेन्स बदलणं म्हणजे तर माझ्या डाव्या हातचा मळ!"

आता डावा हात, उजवा हात, सगळे हात थकले होते. सासऱ्यांची साधीसुधी लेन्स त्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं मुक्कामाला होती. ती कधी काढावी लागेल असं तिलाही वाटलं नव्हतं, जावयालाही नाही.

समोर टेबलावर मास्तरांनी शिवलेल्या तीन सारख्या काळ्या पिशव्या होत्या. प्रत्येकाने आपली लेन्स एका पिशवीत घातली होती, बायकोने पिशव्या उलटसुलट केल्या होत्या आणि प्रत्येकीला एकेक बटण टाचलं होतं. पांढरं, काळं, लाल. कोणत्या पिशवीत कोणाची लेन्स, कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक लेन्सने टेबल, घड्याळ, काचेची बरणी आणि खुर्चीत बसलेली बायको असे सारखेच फोटो काढायचे, आणि त्या त्या रंगाच्या बटणाच्या पाकिटात ठेवायचे. इतकं सोपं काम.

"बरणीचं झाकण काढते त्या फडक्याने धरू का?" बायकोने विचारलं.

"धर. मी कॅमेरा ओढतो, तू लेन्स ओढ. एक, दोन..."

दोघांनी ओढलं. फडकं निसटलं, बायको खुर्चीसकट मागे गेली, फोटोवाले कॅमेऱ्याला छातीशी धरून भिंतीवर आदळले आणि बरणी टेबलभर गडगडली.

"पंच!" बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला. "आत फोटो काढताय की दाढ? माझ्या दवाखान्यातसुद्धा एवढा आवाज होत नाही!"

"झालंच! प्रकाश... प्रकाश हलवतोय!"

"जड दिसतोय प्रकाश," काका म्हणाले.

बायको साडी झटकत उठली. "सरळ सांगा ना, निघत नाही म्हणून."

"आणि डॉक्टर जन्मभर हसतील ते? नाही. ऐक, याच लेन्सने तिन्ही पाकिटांचे फोटो काढतो. सगळे सारखेच येतील. मी म्हणेन, तिन्ही आवृत्त्या सारख्या, कोणी हरला नाही, कोणी जिंकला नाही. मास्तरांची लेन्सही वाचली."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. स्वतःचं नाक वाचवताना मास्तरांची लेन्सही वाचवायची, हा हिशेब तिला पटला नाही, पण ती खुर्चीत जाऊन बसली. फोटोवाल्यांनी फोटो काढले. मध्ये मध्ये पिशव्यांचा सळसळ आवाज केला, एकदा "वा, काय लेन्स आहे!" असंही मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तीन पाकिटं टेबलावर आली. तिन्ही मित्र फोटोंवर वाकले. फोटोवाले मनातल्या मनात "सारखेच आहेत की" हे वाक्य ऐकायला कान टवकारून बसले.

"अरे वा!" डॉक्टरांनी पांढऱ्या बटणाचे फोटो उचलले. "काय धार आहे! आणि ही बघा, वरच्या कोपऱ्यात चंद्रकोर. नखाएवढी. आहाहा! हे काम साध्यासुध्या लेन्सचं नव्हे." ती आपलीच लेन्स, याबद्दल त्यांना तीळमात्र शंका नव्हती.

काकांनी डोळ्याला भिंग लावून काळं पाकीट बघितलं. "याच्यातही कोर आहे. पण ही जरा लाजरी आहे. समतोल म्हणतात तो हाच. मी काही बोलत नाही."

फोटोवाले डोळे फाडून दोन्ही पाकिटांकडे बघू लागले. एकाच फिल्मवरचे, एकाच लेन्सचे, एकाच कोपऱ्यातले डाग! एक नखाएवढा, एक लाजरा!

मास्तरांनी लाल पाकीट उजेडात धरलं. नाक मुरडलं. "हे काय हे? कोपऱ्यात केवढा डाग! रेशमाला गोणपाटाचं ठिगळ लावावं तसा. ना धार, ना मऊपणा. उसवलेली लेन्स आहे ही. ज्याची असेल त्याने विकून मोकळं व्हावं!" आणि त्यांनी डॉक्टरांकडे सहेतुक बघितलं.

"एकदम मान्य," डॉक्टर म्हणाले. "लाल शेवटची."

"शेवटचीच," काका म्हणाले.

फोटोवाले धावले. "पण मला वाटतं, तसं बघायला गेलं तर तिन्ही..." तोवर डॉक्टरांनी पिशव्या उघडल्या होत्या. पांढऱ्या बटणाच्या पिशवीतून काकांची दुसरी आवृत्ती निघाली. काळ्यातून डॉक्टरांची. आणि लाल पिशवीतून, पितळ दिसू लागलेली, रोज पुसून पुसून गुळगुळीत झालेली पहिली.

मास्तर पुढे झाले. त्यांनी दादाची लेन्स तळहातावर घेतली आणि शर्टाच्या टोकाने उगाच एकदा पुसली. "ठीक आहे," ते म्हणाले. "मीच नावं ठेवली. उद्या विकतो."

डॉक्टरांनी हातातले फोटो खाली ठेवले. वाद जिंकण्यात मजा असते. पण मास्तरांच्या त्या शर्टाच्या टोकाकडे बघत जिंकण्यात काही मजा नव्हती.

फोटोवाले पुढे सरसावले. नाक गेलं तर जाऊ दे. "मास्तर, थांबा! तुमची लेन्स कॅमेऱ्याला लागलीच नाही. कोणाचीच लागली नाही. ही सासऱ्यांची निघतच नव्हती. सगळे फोटो हिचेच!"

"पंच, दया नको," मास्तर म्हणाले.

"दया नाही हो, शपथेवर सांगतो! तुम्हीच बघा फिरवून, जन्मात निघायची नाही ती!"

डॉक्टरांनी कॅमेरा हातात घेतला, सवयीने त्याला "आ करा" म्हणाले आणि एक पीळ दिला. कट्. लेन्स लोण्यातून निघावी तशी त्यांच्या हातात आली.

फोटोवाल्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं.

"मीच काल तिच्या कडेने शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं," बायको दारातून हळूच म्हणाली. "एवढं ओढलं बिचारीला, म्हटलं जरा तरी मोकळी होईल."

"बघा, वहिनी पण तुमचं खोटं सांभाळून घेतायत," मास्तर चपला शोधू लागले. "तुमचा जीव मोठा आहे, पंच. पण शब्द तो शब्द."

"थांबा हो भावजी." बायको भिंतीपाशी गेली, खुर्चीवर चढली आणि लग्नाचा फोटो काढून खाली आणला. काचेवरची धूळ पदराने पुसली. फोटोत ती लाजत होती, फोटोवाले घाबरले होते, आणि त्यांच्या डोक्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात, नखाएवढी चंद्रकोर उगवली होती.

"हा फोटो बाबांनी काढला. याच लेन्सने. त्यांच्या हातून ती एकदा पायरीवर पडली, काठाचा टवका उडाला. तेव्हापासून तिने काढलेल्या प्रत्येक फोटोत ही कोर येते. बाबा म्हणायचे, असू दे, तेवढाच जावयावर उजेड."

तिघांनी लग्नाचा फोटो बघितला. मग पांढरं पाकीट बघितलं. मग काळं. मग लाल. मग पुन्हा लग्नाचा फोटो. काकांच्या खिशातली दुरुस्तीची घड्याळं टिकटिकताना ऐकू आली.

"म्हणजे..." मास्तर म्हणाले. "मी गोणपाट म्हणालो ते तुमच्या वडिलांच्या लेन्सला, वहिनी?"

"आणि मी आहाहा म्हणालो तेही," डॉक्टर म्हणाले, आणि आधी त्यांनाच हसू फुटलं. मग काका खोकत हसले, मास्तर डोळे पुसत हसले, फोटोवाले सुटल्यासारखे हसले, आणि बायको लग्नाच्या फोटोसकट खुर्चीत बसून हसली.

"मास्तर, द्या तुमची पहिली!" फोटोवाले गरजले. "आता होऊ दे खरा फोटो. पहिला मान दादांच्या लेन्सला." त्यांनी ती फक्त डाव्या हाताने, ऐटीत, सर्रकन बसवली. चौघांना एका ओळीत उभं केलं. खिडकीतून बघितलं. काय फोटो होता! डॉक्टरांचा हात मास्तरांच्या खांद्यावर, बायकोचं हसू अजून ओठांवर, काकांचं भिंग कपाळावर. खटका दाबला.

मग ते काळोख्या खोलीत गेले. बाहेर चहा झाला, दुसरा झाला. फोटोवाले बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातल्या ओल्या कागदाकडे कोणी बघितलं नाही, आधी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघितलं. कागद काळा होता. वरून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे, ठार काळा. टेबलावरच्या कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकण अजून ऐटीत बसलं होतं.

"धंद्यातल्या माणसांकडून..." डॉक्टरांनी सुरुवात केली, पण हसू त्यांना पुढे बोलू देईना.

मास्तरांनी मात्र तो कागद दोन्ही हातांत घेतला, खिडकीपाशी नेला आणि चारही कोपरे नीट तपासले. "बघा," ते अभिमानाने म्हणाले, "एक तरी डाग आहे का?" आणि दादाची लेन्स कॅमेऱ्यावरून काढून, झाकणासकट, शर्टाच्या खिशात ठेवून वरून हात ठेवला.

डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून वाकले. हसता हसता जरा थांबले. डोळे बारीक केले. "काळा मात्र सुरेख आलाय हं, मास्तर. काय खोली आहे! माझ्या तिसरीत इतका खोल काळा येत नाही."

काकांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं.

"मी काही बोलत नाही," ते म्हणाले. "पण मधलीत येतो."