जागा खाली आहे

या, असे जवळ सरकून बसा. चपला कुठेही काढा, मन तेवढं इथे ठेवा. आज झोपेची गोष्ट सांगतो. ऐकता ऐकता कुणाचा डोळा लागला तर खुशाल लागू द्या. नाम घेताना डुलकी आली तर देव रागावत नाही म्हणतात. मेट्रन मात्र रागावते.

एक होती सिस्टर. मुलांच्या वॉर्डात तिची कायमची रात्रपाळी. सकाळी घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकावी, की खालच्या छापखान्याचं यंत्र सुरू. खटाक् खट, खटाक् खट. त्यात दाराची कडी वाजे. "सिस्टर, बाळाचं अंग गरम लागतंय हो." "सिस्टर, ही गोळी जेवणाआधी की नंतर?" नाही म्हणणं तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं. ती उठे, बघे, परत पडे आणि छापखान्याच्या नावाने बोटं मोडे. शेवटी एकदा औषधांच्या ट्रेवरच तिची मान पडली.

"पुन्हा असं दिसलं, तर मुलांचा वॉर्ड सुटला म्हणून समजा," मेट्रन म्हणाली. "चादरी मोजायला बसवीन."

सिस्टरचा सगळा जीव त्या पोरांत. तिने रजा टाकली ती मौजेसाठी नव्हे, झोपेसाठी.

नवरा त्याच इस्पितळात लिफ्टमन. "पान पडलं तरी ऐकू येईल अशी जागा शोधतो तुला," तो म्हणाला. थंडीत वाळवंट आणि उन्हाळ्यात डोंगरातलं जंगल, असा तंबू ठोकणाऱ्यांचा सरळ नियम. पण रजा मिळाली ती ना धड थंडीत, ना धड उन्हात. त्याने वनखात्याच्या चौकीला फोन लावला. वरचं जंगल आणि पायथ्याचं वाळवंट, दोन्ही एकाच वनरक्षकाच्या ताब्यात.

"साहेब, जंगलातली तंबूची जागा खाली आहे का?"

"जागा? आहे ना, खाली आहे. या."

आता लिफ्टमनच्या भाषेत खाली म्हणजे रिकामी. तळाला तो तळ म्हणतो. जन्मभर लोकांनी विचारावं, "लिफ्ट खाली आहे का?" आणि याने सांगावं, "खाली आहे, पण वर आहे."

शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या व्हॅनमध्ये तंबू चढला, पातेली चढली आणि सासूबाईही चढल्या. "मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही," असं त्यांनी घाट संपेपर्यंत सांगितलं.

वर पोचले तर रस्त्यावर आडवा खांब आणि पलीकडे गुडघाभर बर्फ.

"बंद आहे," वनरक्षक म्हणाला.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना जागा खाली आहे!"

"मग? खालीच आहे. वाळवंटात. तुम्ही वर कशाला आलात?"

"खाली म्हणजे रिकामी!"

"रिकामी असती तर रिकामी म्हटलं असतं की!"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, उभा जन्म वर-खाली करण्यात गेला तुझा, आणि तुला खाली कळेना?"

सिस्टरने व्हॅनच्या काचेला डोकं टेकलं. बोलायलाही जागेपण लागतं, आणि तिच्याकडे होतं ते सगळं वापरून झालेलं होतं.

उतरले खाली. वाळवंटात जागाच जागा. तंबूचे खुंटे वाळूत ठोकावेत आणि त्यांनी नम्रपणे बाहेर यावं. कसाबसा तंबू उभा राहिला. सिस्टर आडवी झाली. आणि काय सांगू, अशी शांतता की तिला स्वतःचीच नाडी ऐकू येऊ लागली. सवयीने ती मोजू लागली. मोजलेली नाडी जास्त वाटली, म्हणून काळजी लागली. काळजीने नाडी आणखी वाढली.

"लागली का गं झोप?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"लागत होती. तुम्ही विचारलंत."

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि तंबू उडून बाभळीवर जाऊन बसला.

"आता वर जायचं?" नवरा म्हणाला.

"वर बर्फ, खाली वाळू," सिस्टर म्हणाली. "घरी चला. जागा शोधायला आले आणि जागीच राहिले."

अर्ध्या वाटेवर व्हॅन तापली. थांबली ती नेमकी खडी फोडण्याच्या कारखान्यापुढे. खडाड् खड, खडाड् खड. नवरा पाणी आणायला गेला. परत येऊन बघतो तर बाभळीवरून काढून गुंडाळलेल्या तंबूवर डोकं ठेवून सिस्टर झोपलेली. गाढ, तोंड उघडं टाकून.

"मुकाट बस," सासूबाई कुजबुजल्या.

आणि कारखाना थांबला. जेवणाची सुट्टी. सिस्टरच्या पापण्या हलल्या. नवरा धावत गेला. "अहो, चालू करा ना जरा!"

"जेवू द्या की, राव," कामगार म्हणाले.

तेव्हा सासूबाईंनी पातेलं पालथं घातलं, डाव हातात घेतला आणि ठेका धरला. खडाड् खड. सूनबाई पुन्हा घोरू लागली. हात भरून आला तेव्हा त्यांनी हात बदलला. ठेका चुकला नाही.

"अगं आई, म्हणजे आवाजाचा त्रास नव्हताच हिला?"

"कडीचा होता रे, वेड्या. इथे कुणी कडी वाजवली का?"

उरलेली रजा सिस्टर घरीच झोपली, त्याच छापखान्याच्या डोक्यावर. दाराबाहेर जिन्यात सासूबाई स्टूल टाकून बसल्या.

"सिस्टर आहेत का?"

"तंबू घेऊन गेलीय."

"कुठे? डोंगरात की वाळवंटात?"

"जागा मिळेल तिथे," म्हातारी सांगे, आणि आतल्या घोरण्यावर पांघरूण म्हणून जोरात खोकून घेई.

मुलांचा वॉर्ड सिस्टरकडेच राहिला. सासूबाई अजून स्टुलावर असतात. तेव्हा मायबाप, आज उशीला डोकं टेकाल, तेव्हा देवापाठोपाठ त्या म्हातारीचीही आठवण काढा. अवाक्षर न काढण्याचं वचन तिला काही पाळता आलं नाही. पण दुसऱ्याच्या झोपेपायी तिने आपली दुपारची झोप सोडली, ती कायमची.