गावंडे सरांचा कागदी संगणक

गावंडे सरांसमोर ‘सगळे’ हा शब्द उच्चारायची सोय नाही. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘कोणीही’ हेसुद्धा त्यांच्या लेखी गुन्हेच. लग्नपत्रिकेत ‘सर्वांनी अगत्य यावे’ असं दिसलं की लग्नघरी फोन लावून विचारतात, मांडव केवढा आहे? कॉलेजसमोरच्या टपरीवर ‘सर्व प्रकारचा चहा मिळेल’ अशी पाटी होती. सरांनी सलग तीन दिवस बिनपत्तीचा चहा मागितला. चौथ्या दिवशी पाटीवरचं ‘सर्व’ पुसलेलं होतं.

सर दारव्ह्याला आमच्या कॉलेजात बीएस्सीला गणित शिकवतात, आणि संगणकाला शिक्षक मिळत नाही म्हणून संगणकही. तेही तासिकेवर, म्हणजे दर जूनमध्ये यांची नेमणूक प्राचार्यांच्या मर्जीवर. या पद्धतीविरुद्ध मी दोन पत्रकं काढलेली आहेत, म्हणून इथे आवरतं घेते.

प्रयोगशाळा होती. वीस संगणक होते. आणि दाराला कुलूप होतं. पोरं यंत्रं खराब करतात, मग डेडस्टॉक रजिस्टरला काय लिहायचं, ही प्राचार्यांची चिंता. वर्षातून एकदा तपासणी समिती यायची तेव्हा संगणकांवरच्या चादरी निघायच्या आणि उदबत्ती लागायची. शिक्षणाचा असा देव्हारा करणाऱ्यांना काय म्हणावं? मी म्हटलेलं आहे, आणि छापूनही वाटलेलं आहे.

मग सरांनी आमचाच संगणक केला. “कागदावर चाललं तं यंत्रावर चालते,” हे त्यांचं पालुपद. वर्ग भरायचा मागच्या कडुनिंबाखाली. पाटी धरलेला पोरगा म्हणजे मेमरी. माझी मैत्रीण पूजा राठोड म्हणजे लूप. तिनं झाडाला फेऱ्या मारायच्या, दर फेरीला पाटीवरचा आकडा एकनं वाढवायचा, पाच झाला की थांबायचं. प्रोग्राम लिहिला होता मी, आणि आकडा वाढवायची ओळच विसरले होते. पूजा इमानदार पोरगी. पाटीवर एकाचा एकच, आणि ही फिरतेय. तास संपला, तरी सर हलेनात. शंकरभाऊ शिपायानं विचारलं, पोरीनं नवस बोलला का?

“तिले थांबायची अट आहे भाऊ,” सर म्हणाले, “पण ते अट पुरी होऊनच नाही राह्यली.” मग माझ्याकडे वळून, “पुढारीणबाई, चूक तुमची, अन् पाय तिचे दुखून राह्यले.”

पूजा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पण ती चूक मी पुन्हा केली नाही, याचं श्रेय सरांच्या पद्धतीला द्यावंच लागेल.

तिसऱ्या वर्षी मात्र पाणी डोक्यावरून गेलं. प्रात्यक्षिक परीक्षा महिन्यावर आली. बाहेरून परीक्षक येणार, आणि ते काही आम्हाला झाडाभोवती फिरवणार नव्हते. नापास झालो तर तीन वर्षं पाण्यात, आणि पूजाच्या घरी तर नापास पोरीचं लग्नच ठरलं असतं. मी पत्रक लिहिलं. ‘सर्व संगणक धूळ खात! सर्व प्राध्यापक मूग गिळून!’ छापण्याआधी गावंडे सरांना दाखवलं, कारण मला वाटलं, माणूस घाबरेल आणि मला आणखी एक पत्रक सुचेल.

सरांनी लाल पेन काढला. धुळीपाशी लिहिलं, ‘चादरी आहेत. धूळ नाही.’ मुगापाशी लिहिलं, ‘मी गिळलेले नाहीत. मला कोणी विचारलेच नाही.’ असं करत पानभर मजकूर खोडला आणि एक वाक्य ठेवलं: ‘परीक्षा महिन्यावर आहे आणि आमच्यापैकी एकाही विद्यार्थ्याने संगणकाला हात लावलेला नाही.’ आम्ही एकूण अकरा. त्यांनी अकराही जणांना एकेक करून विचारलं, मग वाक्याखाली स्वतःची सही केली.

मी स्पष्टच सांगितलं, सर, तुमचा जून येतोय.

“जून दरसाल येते,” म्हणाले.

प्राचार्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं. रागवायला त्यात शिवी नव्हती आणि खोडायला खोटं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कुलूप निघालं. पुढे परीक्षा अकराही जण पास झालो, सरांचं नेमणुकीचं पत्रही उशिरा का होईना आलं, हे आत्ताच सांगून टाकते.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. प्रयोगशाळा उघडली आणि सर आत येईनात. दोन दिवस झाले, दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. मी भडकले. लढाई जिंकून सेनापती कुठे गायब? स्टाफरूममध्ये जाऊन जाब विचारला.

सरांनी हाताला लागलेला खडू पुसला. “मले ते यंत्र सुरू कराले येत नाही, बाई,” म्हणाले. ते शिकत होते तेव्हा कॉलेजात एकच संगणक होता, त्यावर पुढच्या बाकावरची पोरं बसायची. नंतर पुस्तकं वाचून शिकले आणि आम्हाला शिकवलं. वीस वर्षं प्रोग्राम लिहिले, आणि एकही चालताना पाहिला नव्हता. सही करताना त्यांना पुरतं ठाऊक होतं की कुलूप उघडलं की हे उघडं पडणार.

मग त्यांनी कपाटातून एक रजिस्टर काढलं. पानोपान सुबक अक्षरात प्रोग्राम. “यातला एखादा चालवून पाहाल काय?”

रजिस्टरमागोमाग सरही प्रयोगशाळेत आले. दोन दिवसांत चुकतमाकत यंत्र चालवायला शिकलेल्या पूजानं पहिल्या पानावरचा टाइप केला. जन्मतारीख टाकायची, वार कळतो. पहिल्याच फटक्यात चालला. मग काय, पोरांची रांग लागली आणि जो तो घरी फोन लावू लागला. माझी आई म्हणाली, गुरुवारच, आपल्या गावचा बाजार होता, अन् तुह्या बाबाले धाडलं वांगे आणाले तं आला भोपळा घेऊन. पूजाच्या आईनंही वार बरोबर सांगितला. अकरा आयांनी अकरा साक्षी दिल्या आणि सर प्रत्येकीला मान डोलावत होते, जणू ती समोरच बसलीय.

पूजा म्हणाली, आता तुमची तारीख, सर.

“माह्या वाराले साक्ष कोण देईन?” सर म्हणाले. “माय गेली. तिले कधी विचारलंच नाही.”

तरी पूजानं त्यांना खुर्चीत बसवलं. सरांनी एका बोटानं, एकेक आकडा शोधत तारीख टाकली. पडद्यावर आलं, सोमवार.

सर त्याकडे बघत राहिले. आम्ही अकरा जण मागे उभे. मग त्यांनी हळूच विचारलं, “आणखीन एकदा चालवलं तं चालते ना?”

आणि तीच तारीख पुन्हा टाकायला घेतली.