आत्यानं पकडलेले प्रोफेसर

लोणावळ्याच्या स्टेशनावर लोक हमाल शोधतात, टांगा शोधतात, हरवलेली वळकटी शोधतात. माझी गोदाआत्या प्रोफेसर शोधायची. नुसती शोधायची नाही, पकडायची. विधवेचं लाल आलवण, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर आणि हातात वाकड्या मुठीची काळी छत्री, अशी ती फाटकाशी माझ्या शेजारी उभी राहायची. मी तिथला तिकीट कलेक्टर. मी तिकीट तपासायचं आणि तिनं माणूस तपासायचा, अशी आमची वाटणी होती. ती मी केलेली नव्हती. आत्यापुढं वाटणी करणारा मी कोण?

उन्हाळ्यात कॉलेजं बंद झाली की पुण्या-मुंबईचे विद्वान लोक हवापालटाला आमच्याकडं येत. त्यांना थंड हवा खायची असायची. आत्याच्या मते ही शुद्ध चोरी होती. "आमची हवा खातात, आमचं पाणी पितात, आणि डोक्यातलं काही न सांडता तसेच परत जातात! ज्ञान म्हणजे काय लोणचं आहे, दादरा बांधून फडताळात ठेवायला?"

म्हणून ती त्यांना पकडून मावळातल्या खेड्यांत व्याख्यानाला उभं करायची. प्रोफेसर ओळखण्याची तिची रीत ठरलेली होती. जो हमालाशी भांडतो तो वकील. जो बायकोशी भांडतो तो डॉक्टर. आणि जो कपाळावर चष्मा सरकवून सगळ्या खिशांत चष्मा शोधतो, तो आपला. असा माणूस दिसला की छत्रीची मूठ त्याच्या कोपरात अडकायची.

"कॉलेजात काय करता?"

"अं? शिकवतो."

"शिकवता ते झालं. शोधलंत काय?"

या प्रश्नावर भलेभले गांगरत. मागं रांग खोळंबायची, स्टेशनमास्तर माझ्याकडं डोळे वटारायचे आणि मी खाली बघत तिकिटं गोळा करायचो. "मास्तरांना सांग," आत्या मला घरी बजावायची, "गाडीतून आंबे उतरतात ते चालतं, कोंबड्या उतरतात त्या चालतात, विद्या तेवढी चालत नाही होय रे?" हे मास्तरांना तिनं स्वतः सांगावं, असं मी म्हणायचो. एकदा तिनं ते खरंच सांगितलं. तेव्हापासून मास्तर आत्या दिसली की सिग्नल बघायला जात.

चुका व्हायच्या. एकदा चष्मा शोधणारा एक विम्याचा एजंट सापडला. बिचारा घाबरून हो म्हणाला आणि कान्ह्याला जाऊन 'माणसाचं कधी काय होईल सांगता येत नाही' यावर तासभर बोलला. बायका ढसाढसा रडल्या. कान्ह्याचे लोक पुढं कित्येक वर्षं म्हणत, "बाकीचे मास्तर ठीक व्हते, पर त्यो एक लय शिकलेला."

तेव्हापासून पकडलेल्या माणसाला आत्या थेट गावात नेत नसे. आधी स्वयंपाकघरात परीक्षा. प्रोफेसरांनी पाटावर बसायचं, आत्या समोर सुपात तांदूळ निवडत बसायची, आणि त्यांनी आपला शोध तिला सांगायचा. इंग्रजी शब्द आला की ती खडा काढावा तसा हात झटकायची. ऐकता ऐकता तिचा हात सुपावर थांबला, तर प्रोफेसर पास. नाही थांबला, तर कॉफी देऊन रवानगी. माझी बायको सुमती म्हणायची की आमच्या घरी जेवढे विद्वान नापास झाले तेवढे परीक्षेला बसलेल्या पोरांत झाले नसतील.

आता व्याख्यान म्हटलं की श्रोते हवेत. आधी तिनं हस्तपत्रकं वाटून पाहिली. लोकांनी त्यांत तंबाखू बांधली. मग तिनं जे काढलं त्यानं सारा मावळ हादरला. लग्नाला देतात तशी घरोघर अक्षत द्यायला सुरुवात केली! कुंकवात घोळलेले तांदूळ, सुपारी आणि तोंडी आमंत्रण: "रविवारी दुपारी व्याख्यान आहे, सहकुटुंब यायचं." अक्षत आली की जायलाच हवं, हे मावळात कुणाला शिकवावं लागत नाही.

पण सोवळी बाई अक्षत देते म्हणजे काय! आमचे भटजी जोशीबुवा तावातावानं घरी आले. "गोदूताई, विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही, हे तुम्हांला मी सांगायला हवं?"

"मी कुठं लावते? तांदळाला लावते," आत्या म्हणाली. "तांदूळ काय विधवा आहेत?"

बुवांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आवरा हिला, नाहीतर तुमच्या घरी कार्याला कुणी येणार नाही. आत्यानं आतूनच ऐकलं. "नका येऊ. कार्यात तेच ते ऐकायला मिळतं. रविवारी या, पृथ्वी कशी फिरते ते सांगणार आहेत." बुवा त्या रविवारी आले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र मागच्या बाजूला झाडाखाली पाठमोरे उभे होते, सहज वाट चुकल्यासारखे.

कार्ल्याला तर फजितीच झाली. तिथल्या लोकांनी अक्षत घेतली, पण कशाची ते नीट ऐकलं नाही. रविवारी अख्खं गाव आहेर घेऊन हजर! कुणी टोपी-उपरणं, कुणी खण-नारळ, एक म्हातारी तर हळद कुटून घेऊन आली. व्याख्याते रसायनशास्त्राचे, पन्नाशीचे, आणि नेमके ब्रह्मचारी. "नवरदेव जरा थोराड हाय, पर बेस हाय," असं म्हणून लोकांनी त्यांना फेटा बांधला. नवरी कुटं म्हणून विचारपूस सुरू झाली तेव्हा ते स्टेशनाच्या दिशेनं निघाले होते. आत्यानं छत्रीनं अडवलं. "फेटा राहू द्या. तसेच बोला." ते फेट्यातच गंधकावर बोलले आणि चांगले बोलले. आहेर परत न्यायला कुणी तयार होईना, म्हणून हळद आमच्याकडं वर्षभर पुरली.

अशी ही बाई. हसायचं तेवढं हसून झालं की मला तिचा रागही यायचा. नोकरी माझी, बोलणी मला. आणि गंमत म्हणजे स्वतः ती एकही व्याख्यान बसून ऐकायची नाही. लोकांच्या मागं छत्री टेकून उभी राहायची, पोरांना दटावायची, उशिरा येणाऱ्याला जागा करून द्यायची. मला वाटायचं, हिला ऐकण्यात रस नाही, फक्त लोकांना हाकण्यात आहे.

मग दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात लेले सापडले.

लेले जुन्या शिलालेखांवर काम करत. किरकोळ, लाजरे, बोलताना स्वतःच्या बटणांकडं बघणारे. आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी भाज्याच्या लेण्यांबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि थोड्याच वेळात आत्याचा हात सुपावर थांबला. लेले बोलायचे थांबले तरी तो हलेना. चुलीवरचं दूध उतू गेलं, ते सुमतीनं धावत येऊन उतरवलं.

"हे भाज्याच्या बायकांनी ऐकलं पाहिजे," आत्या शेवटी म्हणाली. "बायकांनी. पुरुष ऐकतील तर ऐकोत."

त्या वेळी तिनं अक्षत पुरुषांच्या हाती दिलीच नाही. मळवलीला उतरून भाज्यात घरोघर हिंडली आणि प्रत्येक घरच्या बाईच्या ओंजळीत घातली. बायकांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. सोवळ्या बाईची अक्षत म्हणून एकीनंही नाक मुरडलं नाही. "आपल्याला वेगळं बोलावणं कंदी आलंय का, मावशी?" असं एक जण म्हणाली, ते आत्यानं मला दोनदा सांगितलं.

रविवारी चावडीपुढं पुरुष मांडी घालून बसले होते. आबा पाटील पुढं आले. माणूस भला, पण रीत म्हटली की दगड. "आत्याबाई, तुमचा मान राखला. पर बाया चावडीफुडं बसायच्या न्हाईत. आमच्यात तसं न्हाई."

"मग कुठं बसतील?"

"गडग्यामागं. ऐकू यील की."

बसलेल्या पुरुषांच्या समोरच्या अंगाला कमरेएवढा दगडांचा गडगा होता. त्यापलीकडं बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, गडग्यावरून नुसते पदर दिसत होते. लेले गडग्याकडं पाठ करून उभे राहिले आणि बटणांना उद्देशून बोलू लागले. आवाज मुळातच बेताचा. पुढचे पुरुष माना डोलवत होते. गडग्यामागून कुजबुज आली.

"काय म्हंत्यात गं?"

"कुनाला ठावं. नुसती पाठ दिसतीया."

आत्या माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. बसलेल्या पुरुषांमधून सरळ वाट काढत गेली, लेल्यांच्या कोपरात छत्रीची मूठ अडकवली आणि नांगराचा बैल वळवावा तसं त्यांना पुरतं फिरवलं. आता लेल्यांचं तोंड गडग्याकडं आणि पाठ साऱ्या गावाच्या कारभाऱ्यांकडं.

आबा पाटील उठले. "ह्ये काय, आत्याबाई? मास्तरांची पाठ आमाला?"

"तासभर. तुमचं काही झिजत नाही."

"मंग आमी उठतो."

भाज्यातून लोक उठून गेले असते तर पुढं एकाही गावानं आत्याला दारात उभं केलं नसतं. सगळंच संपलं असतं. पण आत्या छत्री टेकून ताठ उभी.

"उठा की. फक्त अक्षत परत आणून द्या आणि मग जा."

पाटील घुटमळले. घेतलेली अक्षत परत करायची, हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. शिवाय ती देव्हाऱ्यात. ती काढून द्यायची तर घरच्या बाईला सांगायला हवं, आणि घरची बाई गडग्यामागं, मान वर करून बघत असलेली. पाटलीणबाईंनी तर पदर कपाळावरून मागं सारून नवऱ्याकडं असं पाहिलं की पाटील खाली बसले. बाकीचे उठलेच नव्हते.

"बोला, लेले," आत्या म्हणाली. "बटणांशी नको. त्यांच्याशी."

आणि लेले बोलले. आयुष्यात प्रथमच मोठ्यानं बोलत असावेत. तुमच्या डोक्यावर डोंगरात जी लेणी आहेत, ती राजांनीच खोदवली असं नाही. साध्या माणसांनी दान दिलंय, आणि ज्यानं दिलं त्याचं नाव दगडात कोरलंय. तिथली एक खोली नांगर धरणाऱ्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं दिलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी. तसं तिथं लिहिलंय.

गडग्यामागून एक आवाज आला. "मास्तर, तिचं नाव लिवलंय?"

"लिहिलंय."

"आन धन्याचं?"

लेल्यांनी मान हलवली. "नाही. धन्याचं नाव नाही. नांगऱ्याची बायको, एवढंच."

"मंग त्यो काय करत व्हता?"

"नांगरत असेल," लेले म्हणाले, अगदी प्रामाणिकपणे.

गडग्यामागं जो हशा उसळला तो डोंगरापर्यंत गेला असेल. पाटलीणबाईंचा आवाज सगळ्यांत वर. पुरुषही हसले, पाटील सगळ्यांत शेवटी, पण हसले. लेल्यांनी ते नाव सांगितलं. जुन्या भाषेतलं होतं, माझ्या आता ध्यानात नाही. त्या बायकांनी ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, म्हणजे त्यांच्या ध्यानात असेल.

मी आत्याला शोधू लागलो. मागं नव्हती, चावडीशी नव्हती. मग गडग्याशी जाऊन पाहिलं तेव्हा दिसली. गडग्यापलीकडं, बायकांच्या अगदी पुढं, मातीत मांडी घालून, छत्री बाजूला टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून बसली होती. शेवटपर्यंत उठली नाही.

संध्याकाळी मळवलीच्या फलाटावर आम्ही दोघंच गाडीची वाट बघत होतो. लेल्यांना पाटलांनी जेवायला ठेवून घेतलं होतं. मला वाटलं, आता विजयाची मोठी कथा ऐकावी लागणार. पण आत्या म्हणाली, "तुझ्या बापाला शिकवायला पंतोजी यायचे. ओटीवर बसायचे. मी माजघरात, दाराआड. विधवा झालेली पोर, पुढं यायचं नाही. मला पंतोजींची पाठ दिसायची. मोठ्यानं बोलले तर कळायचं. पण मेला गोष्टीच्या शेवटाला नेहमी आवाज उतरवायचा."

"मग बाबांना विचारायचं."

"विचारलं. दादा म्हणाला, तुला काय करायचंय?"

मला माझ्या वडिलांचा संताप आला. गेलेल्या माणसाचा संताप कुठं ठेवायचा ते कळत नाही. मी विचारलं, "कुठली गोष्ट विचारली होतीस?"

"घाटातल्या धनगराची. त्याची मेंढी धुक्यात शिरते, तो मागं मागं जातो, तर कड्यात एक दार. तो दार ठोठावतो. पुढचं नाही ठाऊक."

मला ठाऊक होतं. बाबांनी ती मला कितीदा तरी सांगितली होती, मांडीवर घेऊन, शेवटासकट.

मी उठून तिच्यासमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितली. इतक्या मोठ्यानं की मळवलीचे मास्तर खोलीतून बाहेर आले. धनगर ठोठावतो, हाका मारतो, रडकुंडीला येतो, आणि शेवटी आतून कडी निघते. दार उघडते ती त्याची मेंढीच. त्याला म्हणते, बघतोस काय, ये आत, मी केव्हाची वाट बघतेय.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसले, परत तोंड पुसलं.

"मेंढीच होती होय," ती म्हणाली. "आणि मी जन्मभर समजत आले, की दार उघडलंच नाही."