आठ सीटची जीप आणि दोघंच

रविवारी सकाळी सात वाजता महेंद्र बूट घालून कोलशेतच्या आपल्या घरात दाराशी उभा होता. खुर्ची रिकामी होती, सोफा रिकामा होता, तरी महेंद्र उभाच. कारण तो खोपट डेपोतला एसटीचा कंडक्टर होता आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याची बसायची सवयच मोडली होती. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. लग्नकार्यात पंगतीला बसला, तरी सगळ्यांना नीट जागा मिळाली की नाही हे बघायला तो दोनदा तरी उठायचा.

"बसा की जरा," रचना आतून म्हणाली.

"गाडी येईल ना."

"आणि गाडी आल्यावर तरी बसणार आहात का?"

प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने, प्रियांकाने, पुण्याहून आईबाबांसाठी मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरात 'प्रायव्हेट ऑफ-रोड जीप टूर' बुक केली होती. "पप्पा, पूर्ण जीप तुमची. तुम्ही दोघंच. तिसरं कुणी नाही," असं तिने फोनवर तीनदा बजावलं होतं. कारण घरचा इतिहास तिला पाठ होता. लग्नानंतर दोघं महाबळेश्वरला गेले, तेव्हा त्या गाडीचा कंडक्टर महेंद्रच्या ओळखीचा निघाला आणि नवरदेव वाईपर्यंत दारात उभे राहून त्याच्याशी ड्यूटीच्या गप्पा मारत होते. वस्तीतल्या लोकांची बस दीक्षाभूमीला गेली, तेव्हा महेंद्र नागपूरपर्यंत माणसं मोजत होता. पंचवीस वर्षांत एकाही वाहनात तो बायकोच्या शेजारी सलग पंधरा मिनिटं बसलेला नव्हता.

रचनाने म्हणूनच रात्री अट घातली होती. "उद्या माझ्या शेजारी बसायचं. उठायचं नाही. उठलात, तर मी तिथूनच डोंबिवलीला शालूकडे जाणार. परत कधी येणार ते विचारायचं नाही."

शालू म्हणजे रचनाची धाकटी बहीण. ती महेंद्रला नावं ठेवण्यात पटाईत होती आणि तिला रोज नवीन श्रोता लागायचा. महेंद्रने मुकाट्याने मान डोलावली.

जीप आली. हिरवीगार, उघडी, गुडघ्याएवढ्या टायरांची. चालवणारा पोपट नावाचा आडदांड आणि बोलका गडी. चौदा वर्षं त्याने शीळफाटा ते कल्याण शेअर जीप हाकली होती. आता त्याच धंद्याला रंग मारून त्याने बाजूला 'ॲडव्हेंचर' असं लिहून घेतलं होतं.

"या साहेब, या मॅडम. पुढं एक, मधी तीन, मागं चार. आठच्या आठ तुमच्या. कुठं पन बसा."

हे वाक्य पोपट कौतुकाने बोलला, पण महेंद्रच्या काळजात चर्र झालं. आठ सीट आणि माणसं दोन! रचना मधल्या सीटवर खिडकीच्या बाजूला, म्हणजे जिथे खिडकी असायला हवी होती तिथे, बसली. महेंद्र शेजारी बसला आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

शीळफाट्याला सिग्नल लागला. कडेला वीसेक माणसं गाडीची वाट बघत ताटकळली होती. एकाने जीपकडे बघून आशेने हात केला. महेंद्रचा उजवा गुडघा थरथरायला लागला. त्याने मान फिरवून मागच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं, मग माणसांकडे, मग पुन्हा बाकांकडे.

"समोर बघा," रचना म्हणाली.

"बघतोच आहे की."

"मला सगळं कळतं."

सिग्नल सुटला. महेंद्रने कपाळाचा घाम पुसला. पहिली परीक्षा तो पास झाला होता, पण काठावर.

डांबरी रस्ता सोडून जीप लाल मातीच्या वाटेला लागली, तेव्हा मात्र मजा आली. जीप दगडांवर चढायची, धपकन खाली यायची, की रचना किंचाळायची आणि महेंद्रचा दंड घट्ट पकडायची. "अगो बाई! अहो, पडले ना मी!" ती हसत होती. इतकी हसताना महेंद्रने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. बसणं काही अगदीच वाईट नाही, असाही एक विचार त्याच्या मनात डोकावून गेला.

तेवढ्यात वळणावर एक म्हातारी दिसली. डोक्यावर गाठोडं, हातात काठी. तिने काठीच वर केली.

"थांबव!" महेंद्र ओरडला. हे तो बोलला नव्हता, त्याची सत्तावीस वर्षांची नोकरी बोलली होती. पोपटचा पायही आपोआप ब्रेकवर गेला, कारण त्याची चौदा वर्षंही काही कमी नव्हती.

"आरं बाबा, वरच्या वाडीला जाते का गाडी?" म्हातारीने विचारलं. तिचं नाव जाईबाई. तिच्या भाचीच्या मुलीचा साखरपुडा होता आणि ती पहाटेपासून चालत होती.

महेंद्र रचनाकडे बघायला लागला, सुट्टीचा अर्ज देऊन साहेबाकडे बघावं तसा. रचनाचंही मन काही दगडाचं नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली. "पण एकच हं."

जाईबाई मागच्या बाकावर बसल्या आणि खरी गोची तिथेच झाली. साखरपुडा म्हटल्यावर जाईबाई एकट्या कशा असतील? सगळं गणगोत त्याच वाटेने पुढे-मागे चालत होतं. पुढच्या वळणावर त्यांची बहीण भेटली. त्यापुढच्या वळणावर बहिणीच्या दोन सुना. सुना बसल्या म्हटल्यावर त्यांचे नवरे उन्हात कसे सोडायचे? मग जिलेबीची भली मोठी परात घेतलेला उत्तम नावाचा आचारी आला. त्याला नाही म्हणणं म्हणजे अख्ख्या साखरपुड्याचा घास काढून घेणं. त्याच्यामागून आणखी काहीजण आले. प्रत्येक वेळी कारण चोख होतं, आणि प्रत्येक वेळी मागून आवाज यायचा, "गाडी रिकामी हाय, या!"

सातव्या माणसाला महेंद्रने आपली जागा दिली. आठव्याला तो मागच्या फळीवर जाऊन उभा राहिला. नवव्याला त्याचा आवाज सुटला.

"पुढे सरका! मधे जागा आहे! ओ ताई, पिशवी मांडीवर घ्या! काका, परात आडवी नको, उभी... नाही नाही, आडवीच ठेवा!"

त्याचा चेहरा उजळला होता. एक हात वरच्या सळीला, दुसरा मोकळा. जीप उसळली तरी तो जागचा हलत नव्हता. मधल्या सीटवर रचना आता दोन सुनांच्या मधे चेपली गेली होती आणि जिलेबीचा पाक तिच्या नव्या ड्रेसवर एका ठराविक लयीत ठिबकत होता. ती काहीही बोलत नव्हती. महेंद्रला संसाराचा अनुभव कमी असता, तर त्याला ते चांगलं लक्षण वाटलं असतं.

वाडीच्या अलीकडच्या ओढ्यात जीप रुतली.

"साहेब," पोपट मागे वळून म्हणाला, "ही टूर दोन मान्सांची हाय. वऱ्हाडाची नाय. उतरा सगली."

सगळे उतरले, सगळ्यांनी ढकललं. रचनानेही ढकललं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ती चिखलात उभी राहून अनोळखी माणसांच्या साखरपुड्याची गाडी ढकलत होती, आणि पलीकडून तिचा नवरा ओरडत होता, "शाब्बास! अजून थोडं!"

जीप निघाली आणि वर माळावर येऊन थांबली. गाडीवाट तिथे संपत होती. वाडी तिथून दहा मिनिटं पायवाटेने. वऱ्हाड उतरलं, आशीर्वाद देत रांगेने निघू लागलं. रचनाही उतरली होती. ती कड्याच्या टोकाशी जाऊन पाठ फिरवून उभी राहिली.

"डोंबिवली कुठल्या बाजूला येते इथून?" तिने न वळता विचारलं.

ही नुसती धमकी नव्हती, ती दिशा विचारत होती. काहीतरी बोलायला हवं होतं. पण आधी हातातलं काम. त्याने जाईबाईंचं गाठोडं त्यांच्या डोक्यावर ठेवलं, जीपची मागची फळी लावली, कडी घातली, आणि कडी घातल्यावर त्याचा हात दरवेळी जे करतो तेच त्याने केलं. पत्र्यावर दोनदा थाप मारली. धप्, धप्.

एक थाप म्हणजे थांब आणि दोन थापा म्हणजे चल. हे एसटीत खरं आहे आणि शेअर जीपमध्येही खरं आहे. पोपटने मागे बघितलं नाही. चौदा वर्षांत त्याने कधीच मागे बघितलं नव्हतं, मागचं बघायला थाप मारणारा असतो. त्याने गियर टाकला, गाणं लावलं आणि धुरळा उडवत जीप उतारावरून दिसेनाशी झाली. जीपमध्ये दोघांचे मोबाईल होते, पाण्याची बाटली होती आणि रचनाने पहाटे उठून केलेल्या पुरणपोळ्या होत्या.

"ए! अरे ए पोपट!" महेंद्र शंभर पावलं धावला. मग परत आला. मग पुन्हा पन्नास पावलं गेला. मग माळाच्या चारी कडांवरून खाली डोकावून आला.

"येईल तो," रचना म्हणाली. ती एका कातळावर बसली होती. "खाली जाऊन त्याला कळेल, मागे कुणी नाही. या, बसा."

"मी जरा त्या वळणापर्यंत..."

"बसा!"

महेंद्र बसला. माळावर चिटपाखरू नव्हतं. जागा द्यायला, सरकवायला, मोजायला कुणीच नव्हतं. तो खडे उचलू लागला. बूट सोडून पुन्हा बांधला. दोनदा अर्धवट उठला, रचनाने दोनदा बाही ओढून खाली बसवलं.

"काय होतं तुम्हाला बसल्यावर?" तिने विचारलं. या वेळी आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

महेंद्रने हातातले खडे खाली ठेवले. "भीती वाटते गं."

"कसली?"

"मी बसलोय आणि कुणीतरी उभं आहे, असं वाटत राहतं. अपराध्यासारखं होतं."

रचना त्याच्याकडे वळली. "मग मी पंचवीस वर्षं गॅससमोर उभी आहे, ते नाही कधी दिसलं? त्या बायांना म्हणता, ताई, इथे जागा आहे. मला म्हणालात का कधी?"

सत्तावीस वर्षांत प्रवाशांच्या हजार तक्रारी महेंद्रने ऐकल्या होत्या, प्रत्येकीला त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. ही तक्रार मात्र खरी होती. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला म्हणून तरी तो उठेल असं रचनाला वाटलं, पण तो उठला नाही. उलट कातळावर जरासा सरकला आणि म्हणाला, "अशी इकडे ये. तिथे ऊन लागतंय तुला."

मग ते बोलले. प्रियांकाबद्दल, रचनाच्या गुडघ्यांबद्दल, महेंद्रच्या रिटायरमेंटबद्दल, आणि मधेमधे कशाहीबद्दल नाही. दीड तास गेला असेल. महेंद्रचे पाय कधी शांत झाले ते त्यालाही कळलं नाही.

जीप आली ती घाबरीघुबरी. पोपटने उडी मारून कानच पकडले.

"चुकलो मॅडम! खाली तलावापाशी गेलो नि म्हनलं, मॅडम, हितं फोटो काढा. कोन बोलतच नाय! येताना वाटंत मान्सं हात करत व्हती, एकालापन घेतलं नाय. आता फक्त तुम्ही दोघं!"

पण साखरपुडा आटोपला होता. नवऱ्या मुलाकडचे पाहुणे पायवाटेने उतरून थेट जीपपाशी येऊन ठेपले. सहा बाया, एक कडेवरचं मूल, आणि मुलाचा मामा तानाजी, अंगाने दोन सीटचा.

"जागा हाय ना वहिनी?" त्याने रचनालाच विचारलं.

रचनाने बाईच्या कडेवरचं पेंगुळलेलं मूल बघितलं. उतरायची लांबच लांब वाट बघितली. आणि नाही म्हणायला उघडलेलं तिचं तोंड म्हणालं, "या ना, बसा. गाडी रिकामीच आहे."

म्हणता म्हणता ती मागे उभी राहून एकेकीला हात देऊ लागली. "मूल इकडे द्या. तुम्ही आत सरका. अजून एक माणूस येतं तिथे." जीप भरली. उरली ती मधल्या सीटवरची महेंद्रच्या शेजारची एक जागा. तानाजीने तिथे पाय ठेवला आणि थबकला. सीटवर घडी घातलेला रुमाल होता.

रुमालाने जागा धरणाऱ्यांशी महेंद्र आयुष्यभर भांडला होता. असे किती रुमाल त्याने खिडकीबाहेर फेकले असतील याची गणती नव्हती.

"इथे माणूस आहे," महेंद्र म्हणाला.

"कोन मानूस? समदी तर बसली," तानाजी म्हणाला.

"ती मागे उभी आहे ती. रचना, ये. बस."

"अहो, बसू द्या त्यांना," रचना मागून म्हणाली. "पाहुणे आहेत. मी राहते उभी."

"नाही."

जीपमधल्या सगळ्या बाया महेंद्रकडे बघायला लागल्या. काय हा माणूस, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं. पोपटही आरशातून बघत होता. महेंद्र हलला नाही. शेवटी तानाजी कुरकुरत मागच्या फळीवर जाऊन उभा राहिला, आणि रचना लाजून लाल होत, लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत पुढे आली. महेंद्रने रुमाल उचलला. ती बसली.

जीप उतरणीला लागली. पहिल्या वळणावर रचनाने मागे वळून तानाजीकडे बघितलं. दुसऱ्या वळणावर तिने ओढणी सारखी केली, सीटच्या कडेवर आली, पुन्हा मागे बघितलं. तिचा गुडघा हलत होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला कसंतरीच होतंय. मी उठू का?"

महेंद्रने पाय लांब केले आणि पाठ टेकली.

"बस गं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी होतं असं."