गार म्हणावं तर गरम

“अहो, इकडे या! गरम येतंय, गरम!”

सूनबाई खुर्चीतून अशी ताडकन उठली, की पायाखालची चप्पल टेबलाखाली गेली. टेबलावर तिचा तीन थरांचा केक उभा होता. रात्रभर जागून केलेला, आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. एका बाईंच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती, त्या संध्याकाळी सहाला केक न्यायला येणार होत्या. वर साखरेचे म्हातारा-म्हातारी हातात हात घालून उभे. एवढा डोलारा फ्रिजमध्ये मावणं शक्यच नव्हतं, म्हणून दारं-खिडक्या लावून एसी अगदी गार करून ठेवला होता आणि सूनबाई समोर पहाऱ्याला बसली होती. बसल्या बसल्या जरा डोळा लागला, आणि एसीने थंडीच्या दिवसांसाठी ठेवलेली गरम हवा सोडली. क्रीमच्या फुलांना घाम फुटायला लागला होता.

नवरा धावत आला. तो विम्याच्या कचेरीत कारकून होता, पण हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की सर्जन व्हायचा. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ‘आमचे चिरंजीव घरच्या घरी सगळं करतात.’ बिघडवतातही घरच्या घरीच, हे त्या सांगत नसत.

“रिमोटवर तर गार दाखवतंय,” चिरंजीव भुवया आक्रसून म्हणाले. “रिमोट सांगतोय एक, मशीन करतंय एक. सेल उतरलेत.”

घरात नवे सेल नव्हते. चिरंजीव स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून रिमोटमध्ये घातले. बटण दाबलं. ‘टीं’ झालं आणि गार हवा सुरू झाली.

“बघितलंस? असल्या कामाला मेकॅनिक बोलावणारे लोक वेडे असतात.”

“अरे, माझं घड्याळ बंद पाडलंस की,” सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या. अंगावर शाल, मांडीवर विणकामाची पिशवी. “मी गोळी कधी घ्यायची?”

“आठवण झाली की घे, आई.”

सूनबाईने उरलेलं क्रीम घेऊन घामेजलेली फुलं नव्याने काढली, केकला चारही बाजूंनी न्याहाळलं, पुन्हा खुर्चीत बसली. उठली, पडदा सारखा केला, बसली. उठली, एसीखाली हात धरून बघितला, बसली. शेवटी रात्रीच्या जागरणाने तिला खाली ओढलंच.

जाग आली ती गालाला लागलेल्या कोमट झुळकीने.

“अहो!!”

या वेळी चिरंजीवांनी कपाटातून माहितीपुस्तिका काढली. “फिल्टर तुंबला असणार. इथे दिलंय, हवा हवी तशी येत नसेल तर फिल्टर साफ करा.”

“हवा येतेय हो! नको ती येतेय!”

पण तोवर एसीचं तोंड उघडलं होतं. आतून वर्षभराची धूळ झुलत झुलत खाली यायला लागली. सूनबाईने छत्री उघडली आणि केकवर धरून उभी राहिली. चिरंजीव सूनबाईच्या फोनवर दुरुस्तीचा व्हिडिओ बघत फिल्टर धूत होते. फिल्टर धुऊन झाला तेव्हा फोन पार झोपला होता. तो आतल्या खोलीत चार्जिंगला गेला, फिल्टर जागेवर गेला, बटण दाबलं, ‘टीं’. गार.

“कचरा होता,” चिरंजीव म्हणाले.

तिसऱ्यांदा गरम हवा आली तेव्हा ते तडक बाल्कनीत गेले आणि तिथून त्यांची आरोळी ऐकू आली, “सापडला! सापडला चोर!”

बाहेरच्या युनिटवर सासूबाईंची रजई पसरली होती. उन्हाला.

“आई, या मशीनला श्वास घ्यायला जागा लागते! तू त्याचं नाक दाबून ठेवलंयस!”

“माझी रजई मी दर आठवड्याला तिथेच घालते. इतके दिवस बरं नाक चाललं त्याचं?” सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि जोरजोरात विणायला लागल्या. एक टाका सुटला. तो त्यांनी परत उचललाही नाही, यावरूनच त्या किती दुखावल्या होत्या ते कळावं.

रजई आत आली, ‘टीं’ झालं, गार हवा आली. सूनबाईच्या पापण्या मिटल्या, आणि पुन्हा गरम.

केकचा वरचा थर आता एका अंगाला झुकायला लागला होता. सूनबाईचा आवाज रडवेला झाला. “आता तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा नाहीतर मी माहेरी जाते. केक घेऊन.”

चिरंजीवांनी मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक आला. त्याने रिमोटचं बटण दाबून एसीखाली हात धरला. हवा बर्फासारखी.

“वहिनी, हे तर झकास चाललंय.”

“तुम्ही आलात म्हणून! डॉक्टर दिसला की पोराचा ताप उतरतो ना, तसं.”

मेकॅनिकने भिंतीला कान लावला, मान डोलावली. “बोर्ड गेलाय. नक्की बोर्डच. काढून नेतो, परवा बसवून देतो. आधी बाहेरून सप्लाय तोडू. चला साहेब.”

परवा! सूनबाई मटकन खुर्चीत बसली. बाल्कनीत दोघंजण स्क्रू सोडवत होते. तिने डोळे मिटून घेतले. झोप मात्र आता कुठली येतेय? मिटल्या डोळ्यांमागे केक कोसळत होता, त्या बाई ओरडत होत्या.

‘टीं.’

रिमोट तर समोर टेबलावर होता. सूनबाईने एक डोळा किलकिला केला. सासूबाईंचा हात विणकामाच्या पिशवीत शिरत होता, आणि हातात दुसरा रिमोट होता. गेल्या वर्षी हरवलेला. ज्याच्यासाठी सासूबाईंनी सगळ्यांना गाद्या उचलायला लावल्या होत्या तो.

“आई!”

“हळू! ओरडू नकोस!”

“तुम्ही? पण का?”

“झोपलीस की कुडकुडतेस गं. हात-पाय पोटाशी घेतेस. रात्रभर जागलेली पोर, बघवेना. माझी शाल घातली तर तू जागी होशील, म्हणून म्हटलं, जरा ऊब करावी.”

“अहो, पण केक वितळतोय!”

“मला काय ठाऊक? मला वाटलं, तुला गारवा आवडतो.”

“मग पहिल्यांदाच सांगायचं ना!”

“सांगणार होते. तोवर त्याने घड्याळ बंद पाडलं. मग फिल्टर धुतला. मग माझी रजई चोर ठरली. मग म्हटलं, आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि तू झोपलीस की पुन्हा कुडकुडायचीस, मग राहवायचं नाही. त्यात हा रिमोट गेल्या वर्षीच माझ्या लोकरीत सापडला होता. सगळ्यांना इतकं बोलले होते, की परत द्यायची लाज वाटली.”

सूनबाईने पिशवीतून रिमोट ओढला, बटण दाबलं आणि बाल्कनीकडे धावली. “अहो, थांबा! बोर्ड-बिर्ड काही काढू नका! गार यायला लागलंय!”

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. भिंतीवरच्या घड्याळात अजून दुपारच होती, पण दारात केक न्यायला आलेल्या बाई होत्या.

वरचा थर सरळ करायला वेळच उरला नाही. बाई केकसमोर उभ्या राहिल्या. सूनबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. साखरेचा म्हातारा तिरका होऊन म्हातारीच्या खांद्यावर कलला होता.

“हा... वाकलाय का?” बाईंनी विचारलं.

सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या, “पन्नास वर्षांच्या संसारात एकाला वाकावंच लागतं, बाई. नाहीतर दुसरा पडतो.”

बाई इतक्या हसल्या, की त्यांचा चष्मा घसरला. “हुबेहूब बाबा! जेवण झालं की आईच्या खांद्यावर असेच कलंडतात. तुम्हाला कसं कळलं हो?”

“माहिती काढली होती,” सूनबाई म्हणाली.

चिरंजीव आणि मेकॅनिकने मिळून केक जपून गाडीत ठेवला. मेकॅनिक गेला, जाताना ‘बोर्डवर लक्ष ठेवा’ म्हणाला. चिरंजीव सोफ्यावर रेलून फोनवर आपल्या बहिणीला सांगत होते, “बाहेरचे स्क्रू ढिले होते. मी आवळले, लगेच ठीक. डोकं लागतं.” बोलता बोलता त्यांनी एसी आणखी गार केला.

सूनबाई सासूबाईंच्या शेजारी, त्यांच्याच शालीत शिरून बसली होती. बऱ्याच वेळाने तिच्या अंगात ऊब यायला लागली होती, ती तिला घालवायची नव्हती. तिने विणकामाच्या पिशवीत हळूच हात घातला. सासूबाईंनी पिशवी जराशी तिच्याकडे सरकवली.

‘टीं.’

“अहो,” सूनबाई डोळे मिटून म्हणाली, “बघता का जरा? परत बिघडलं वाटतं.”